लळिंगचा चढ

मे महिना. धुळ्यात दुपारी तीनला
डांबर बुटाला धरून ठेवतं.
अशात भाचा आला, योगराज, चाकणहून,
काळ्यापांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेली गाडी घेऊन.
"मामा, उन्हाची चाचणी आहे. बसा."

बसा कसलं, आडवे व्हा.
सीट जमिनीला टेकलेली, माझे गुडघे कानाशी.

त्यांचं सहा सिलिंडरचं इंजिन मी ऐकलंय,
दिवाळीत, नकाण्याच्या रस्त्यावर.
पाय ठेवला की निघायचं, मध्ये कोणी दलाल नाही,
आवाज पोटातून वर, आणि सात हजारांवर
राखेनं घासलेल्या पितळेसारखा लख्ख.
आता म्हणे चारच सिलिंडर, दीड लिटर, वर एक टर्बो.
सोमवारी बैठक. योगराजला हात वर करायचाय,
किंवा मांडीवरच ठेवायचाय.

आणि विचारतो कोणाला, तर मला.
बावीस वर्षं पारोळा रोडला टर्बो उघडतोय मी.
सावद्याचे केळीचे ट्रक येतात,
शिट्टी बसलेली, धूर निळा.
आतला शाफ्ट करंगळीएवढा,
मिनिटाला लाखभर फेरे त्याच्या नशिबी.
ड्रायव्हर घाट चढून येतो, ढाब्यावर शेवभाजीचा वास,
झटकन चावी फिरवतो.
तेल थांबतं, आग थांबत नाही.
त्या झटक्यावर माझ्या दोन पोरींची कॉलेजं झाली.

लळिंगचा चढ लागला. त्यानं पाय दाबला.
काही नाही.
एक. दीड.
आमची सुमन अशीच. विचारलं की आधी गप्प,
कढईकडे बघते,
मग बोलते ते तीन दिवस पाठीत राहतं.
तसं ढकललं गाडीनं. किल्ला कधी मागे गेला कळलं नाही.
नाकात वजन नाही, वळणावर
मी वळायच्या आधी ती वळलेली.
मोठ्या इंजिनाला हे जमायचं नाही,
म्हटलं मी, पण मनात.

"काय मामा?"
"आवाज कोठे शे रे पोऱ्या?"
हसला. "स्पीकरमधून देणार आहेत."
मी काच खाली केली. झळ आत आली. ती तरी खरी होती.

मग त्यानं सांगितलं सगळं: धुराचे नियम,
पेट्रोल, तिजोरीत एकाच इंजिनापुरते पैसे.
बरोबरच होतं.
माझ्याकडे फक्त कान, आणि कानाला बैठकीत खुर्ची नसते.

"करा," म्हटलं, "पण चावी काढल्यावरही
तेल फिरतं राहील असं बघा."
"केलंय ना मामा. वेगळा पंप आहे, विजेवरचा.
ड्रायव्हर कितीही घाईत असू दे, शाफ्ट जळत नाही."

घाटमाथ्यावर टपरीशी थांबलो.
त्यानं गाडी बंद केली, उसाचा रस सांगायला गेला.
मी बॉनेटवर हात ठेवून उभा, चटका बसेपर्यंत.
आत तो पंप एकटाच चालू होता,
कपाशीच्या बोंडात अडकलेल्या भुंग्याएवढा आवाज.
मिनिटभर. मग तोही थांबला.

"बर्फ घालू का?" तो लांबून ओरडला.
घाल म्हटलं.
सोमवारचं मी विचारलं नाही.