माघातली गार

"बंगालच्या उपसागरावरून ओल निघाली,"
शालिक उईके सांगतो, पंक्चरचं सोल्यूशन बोटाला तसंच,
"अन् वरून, राजस्थानाकडून, थंड हवा.
दोघींची गाठ आपल्याच डोक्यावर पडून राह्यली."

अर्धा माघ सरलेला.
शाळेच्या गच्चीवर शालिक,
गुरांच्या दवाखान्यातल्या निमाबाई ढोक आणि मी,
एका मोबाइलवर तीन डोकी.
एक नकाशा म्हणतो गार पडेल, लिंबाएवढी.
दुसरा म्हणतो, काही नाही, झोपा.
निमाबाई दुसऱ्याला शिव्या घालतात,
मग गप्प होतात.

खाली बांध्यांमध्ये लाखोळी फुलावर आहे,
निळी, बारीक, कोणाचं काही न बिघडवलेली.
आम्हाला ती दिसते. दिसत नाही असं नाही.

वहीत:
सात वाजता वारा पूर्वेचा.
नऊ वाजता पडला.
साडेदहाला कुत्री चूप.
याचा रकाना नाही; समासात लिहिलं.

दीडला नागझिऱ्याच्या अंगाला वीज,
आवाजाशिवाय,
पलीकडच्या खोलीत कोणी दिवा लावून विझवावा तशी.
शालिकने आकडे मोजले, चाळीसपर्यंत,
मग सोडून दिले.

पहाटे सायकल-स्टँडच्या पत्र्यावर
टणकन
एक.
जिना उतरून तिघंही धावलो.
टॉर्चमध्ये सापडली: वाटाण्याएवढी,
पोटात दुधी ठिपका.
निमाबाईंनी पट्टी लावली. सहा मिलिमीटर.
दुसरी पडलीच नाही.

"बरं झालं," मी म्हणालो.
"हो ना बाप्पा, बरंच झालं," शालिक म्हणाला,
आणि ओला तळहात
बराच वेळ पँटला पुसला नाही त्यानं.