चार बोटं

रूबेन हार्यूनं फोटो आणला तो ब्रेडच्या पिशवीत घालून.
गराजच्या दारातच थांबला, बुटांचा बर्फ झटकत.
म्हणाला, "यातला मी आणि मासा, एवढंच काप.
ताउनो नको."

फोटोत गोठलेलं तळं. मागे शाईनं: फेब्रुवारी त्र्याऐंशी.
दोघे भाऊ, कोपरापर्यंत लांब एक पाइक मासा,
आणि ताउनोचा उघडा हात रूबेनच्या खांद्यावरून पुढे आलेला.
पुढे बोटीच्या इंजिनावरून काहीतरी झालं.
काय झालं ते आमच्या कीविनॉत सगळ्यांना माहीत आहे,
प्रत्येकाला वेगळं.

मी बत्तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले.
कॉम्प्युटर शिकले साठीनंतर, नातवाचे टोमणे खात.
आता फोटो स्कॅन करते, रंग काढते,
मग करडा काढते.
करडा गेला की माणसाचं निम्मं वय जातं.
उरतं काळं आणि पांढरं, आणि त्यांच्यामध्ये
एक सरकपट्टी. तिला उंबरठा म्हणतात.
शंभरावर ठेवली तर रूबेनला नाकच नाही,
एकशे साठवर नेली तर दोघे भाऊ
डांबराच्या एकाच पिंपात.
एकशे सत्तावीसवर वर आले, श्वास घ्यायला.

नियम एकच: काळं ते कापून टाकायचं, पांढरं ते लाकूड.
आणि लाकडानं लाकडाला कुठंतरी धरलेलं हवं,
केसाएवढं का होईना.
नाहीतर पातं वळसा घालून परत आलं
की तुकडा खाली, भुशात.
सुटे राहणारे तुकडे सॉफ्टवेअर आधीच लाल करून दाखवतं.
बेटं म्हणतात त्यांना.

मी ताउनोची टोपी पुसली. दात पुसले.
बाही पुसली
आणि रूबेनचा अख्खा चेहरा लाल झाला.

वरून काळी फरची टोपी, कानांवर तिचे पडदे,
खालून काळा कोट.
चेहरा उजेडात होता खरा, पण उजेडाला चिकटलेला
फक्त त्या एका हातानं.
पाठचा भाऊ. पाठीमागून हनुवटीपर्यंत पोचलेला.

"पूल आपोआप टाकू?" सॉफ्टवेअरनं विचारलं.
टाक म्हटलं. त्यानं नाकापासून कानापर्यंत
एक आडवी पट्टी ओढली,
रूबेन चाकू खाऊन हसत असल्यासारखा.
रद्द केलं. उठून कॉफी करून आले.
मग बोटं परत आणली. चारच. थोडं मनगट,
मनगटाच्या मागे सरळ बर्फ.
लाल विझलं.

तीन मिलिमीटरचं बर्च प्लायवूड, दोन नंबरचं पातं.
आधी आतली भोकं पाडायची, डोळ्यांची,
बाहेरची कड सगळ्यात शेवटी,
म्हणजे हातात धरायला काहीतरी राहतं.
बोटांपाशी मशीन अगदी हळू केलं.
बाहेर सुपिरियरवरून वारा येत होता,
गराजचं पत्र्याचं दार मधूनच पोट आत ओढून घ्यायचं.
तीन पाती मोडली. तिसरं अंगठ्याजवळच्या वळणावर,
तेव्हा मी फिनिशमध्ये जे बोलले ते आईला आवडलं नसतं.

रूबेन शनिवारी आला. या वेळी आत आला.
चौकट खिडकीसमोर धरली, उजेड आरपार.
मासा बघितला. मासा छान झालाय म्हणाला.
मग बराच वेळ काही नाही.

"हे काय?"
"पूल," मी म्हटलं. "नाहीतर तोंड पडलं असतं तुझं."
"चारच आहेत."
"अंगठा मागे आहे. फोटोत नाही आलेला."

त्यानं वीस डॉलर ठेवले, वर्तमानपत्रात गुंडाळलेला
धुरी दिलेला व्हाइटफिश ठेवला.
टोपी घातली, कानांवरचे पडदे खाली ओढले.
दारात वळून म्हणाला,
"नखं मात्र बरोबर आलीत. कुरतडलेली.
लहानपणापासून खायचा."

मी काही बोलले नाही.
नखं मी काढलीच नव्हती.
ती करड्यात होती. करड्याबरोबरच गेली.