सावलीचा पंचनामा

अर्ज तहसीलचा शिक्का घेऊन माझ्या टेबलावर आला :
'शेजारील गटाच्या बांधावरील अंजनाच्या सहा झाडांची सावली
माझ्या कापसावर पडते.
तरी चौकशी होऊन सावली हटविण्यात यावी.'
खाली सही : सुपडू भिला पाटील.

हटविण्यात यावी.
एकोणीस वर्षं तलाठी आहे मी.
वाहून गेलेले बांध मोजले, वीज पडून मेलेल्या शेळ्या,
एकदा तर विहीर मोजली, दोन भावांत अर्धी अर्धी.
सावली पहिल्यांदाच.

ऑक्टोबर सरत आला होता. बुराईत पाणी म्हणजे चार डबकी,
त्यांतल्या एकात म्हैस.
कोतवाल लोटन टेपचं टोक धरून कापसात शिरला.

दहा वाजता : पश्चिमेला बत्तीस फूट.
आठ तासं झाकलेली.
'पाहा,' सुपडू म्हणाला. मी पाहिलं, लिहिलं.

सव्वाबाराला ती आखडली
आणि बांधावरच निजली, उत्तरेला डोकं करून,
माणसानं निजू नये तशी.
कुणाच्याच गटात नाही.
हे कुठल्या रकान्यात घालायचं?
लोटन म्हणाला, साहेब, जेवून घेऊ.

तीनला ती ओलांडून गेली होती
उखर्डूच्या बोटभर दादरवर,
पलीकडच्या तुरीवर, तुरीतून डोकं काढणाऱ्या शेवग्यावर,
कोपऱ्यातल्या सीताफळापाशी
जिथे त्याची शेळी अंजनाचा पाला खात
सरकारकडे पाहत उभी होती.
तीन एकरांत एवढं सगळं.
सातबाऱ्यावर एकच शब्द : ज्वारी.

उखर्डू दिवसभर बोलला नव्हता.
झाडं कोणत्या साली लावली, मी विचारलं.
साल लागतं, त्याशिवाय कागद पुढे सरकत नाही.
तो विळा पुसत म्हणाला,
'मी नही लायात. आपोआप निंघनात.
मी फक्त वखर वाकडा कया.'

मी बांधाकडे पाहिलं तेव्हा दिसलं.
सहा ठिकाणी नांगरटीची रेघ
किंचित पोट काढून जाते,
दारात निजलेल्या कुत्र्याला वळसा घालून
घरातली माणसं जातात तशी.
तीस वर्षं. दर हंगामाला सहा वळसे.

मग मी सुपडूचा कापूस मोजला, कारण अर्ज त्याचा होता.
पहिली दोन तासं खुजी, बोंडं मोजकी. त्याचं खरं होतं.
तिसरं माझ्या कमरेला.
चौथं, पाचवं छातीला.
त्यापुढे पुन्हा उघड्या रानासारखं, गुडघ्याच्या जरा वर, पानं लालसर.
लोटननं चौथ्या तासात खुरपं मारलं :
वीतभर खाली माती हाताला चिकटली.
विसाव्या तासात खुरपं वाजलं.
सुपडू वाकला, ती ओली माती बोटांत चोळली
आणि काहीच बोलला नाही.
अर्जही मागे घेतला नाही.

छापील नमुन्यात रकाना आहे 'नुकसान'.
दोन तासं लिहिली.
चौथ्या-पाचव्यासाठी रकाना नाही,
म्हणून शेऱ्यात बारीक अक्षरात घातली,
तिथे जिथे शाई नेहमी फुटते.

पंच दोन, अर्जदार, बांधवाला, कोतवाल आणि मी.
टेप गुंडाळलेला असे तेव्हा आम्ही सहाही जण
ती सरकेल तसे सरकत होतो,
आधी सुपडूच्या रानात, मग उखर्डूच्या.
सह्या तिच्यातच झाल्या.
हे पंचनाम्यात नाही.

पंधरा दिवसांनी फाईल परत आली, लाल शाईत :
'बाधित क्षेत्र नेमके किती, ते नमूद करावे.'

उत्तर अजून दिलेलं नाही.
पुन्हा एकदा जायचं आहे बुराईकाठी,
उखर्डूला विचारायला
वखर वाकडा धरायला
नेमकी किती जागा लागते.