काय उजेड पाडतेस तिथे

बाप विचारायचा, गळाला आमिष लावता लावता,
"काय गं रोझलिन, काय उजेड पाडतेस तिथे?"
मी म्हणायचे, उजेडच.
तो हसायचा, दोन दात कमी असलेलं हसू,
आणि आई चुना लावलेल्या भिंतीला टेकून
गीलबेकचं पोट फाडत राहायची.

खोटं नव्हतं.
टेकाडापलीकडच्या कुंपणात, केपच्या त्या माजोरड्या वाऱ्यात
आम्ही चौदाजण एका नळकांड्याला
उजेड ओळखायला शिकवत होतो.
त्याला रणगाडा कळत नाही. माणूस तर नाहीच.
हेलिकॉप्टरमधून कुणीतरी एक ठिपका धरून ठेवायचा,
डोळ्यांना न दिसणारा,
आणि त्या ठिपक्यावरून जे परततं
तेवढंच त्याच्या नाकातल्या काचेला दिसतं.
बाकी सगळं जग अमावस्या.

ती काच मी पुसायचे,
सुती हातमोजे घालून, श्वास रोखून.
एकदा मंद केलेल्या किरणात हात धरला.
काहीच नाही. ऊब नाही, मुंगी चालल्यासारखंही नाही.
पडद्यावर मात्र तळव्याच्या मधोमध
तांदळाएवढा पांढरा दाणा.
मी मूठ मिटली.
दाणा बोटांवर येऊन बसला.

सातव्या चाचणीत ते धुळीवर जाऊन आदळलं,
रंगवलेल्या फुलीच्या चारशे मीटर अलीकडे.
फान रीनन साहेब टोपी काढून
बराच वेळ डोकं खाजवत राहिले.
वाऱ्यानं माती उठली होती, किरण आधी तिच्यावर पडला,
आणि ते बिचारं तिलाच खरं मानून बसलं.
मग तीन महिने त्याच्याकडून एकच घोकून घेतलं:
पहिलं जे परत येईल त्यावर भुलू नकोस.
शेवटी येईल ते खरं.

मला हसू यायचं.
आमच्या आळीतली कुठलीही बाई
वादळाच्या रात्री धक्क्यावर उभी राहून हेच शिकते:
पहिली होडी दिसली म्हणून घरी वळायचं नाही.

चाचणीच्या दिवशी लाल बावटा चढायचा.
समुद्र बंद.
बापाला बावट्याचं वावडं.
"मासे काय बावटा बघून पोहतात?"

त्या गुरुवारी काही डागायचं नव्हतं,
नुसती नजर पक्की करायची होती.
डिऑन वर, घरघरत्या यंत्रात. मी खाली, पडद्यापाशी.
"पाण्यावर काहीतरी आहे," तो म्हणाला, "अंतर मोजून बघतो."
फुली सरकली.
लाटा, लाटा, एक होडी,
होडीत वाकलेला माणूस,
त्याच्या रेनकोटच्या पाठीवर तिरपं ठिगळ.
ठिगळ मी शिवलेलं. तिरपं मीच शिवलेलं.

पांढरा दाणा त्यावर बसला.

"चार हजार दोनशे," डिऑन म्हणाला. "बघ, किती स्थिर."
खरंच स्थिर होता.
होडी वर गेली, दाणा वर गेला.
होडी खाली, दाणा खाली.
यासाठीच तर आम्ही वर्षभर डोळ्यांत तेल घातलं होतं.
तो बाप माझा आहे, असं मी म्हणाले नाही.
वहीत लिहिलं: अकरा सेकंद, विचलन शून्य.
अक्षर नेहमीसारखंच आलं.
आजही ती वही कुठंतरी कपाटात असेल,
आणि कुणालाही त्या नोंदीत काही वावगं दिसणार नाही.

रात्री तो जेवायला बसला.
मी विचारलं, दुपारी काही जाणवलं का?
"काय जाणवायचंय?
ऊन होतं. वर ते तुमचं भुणभुण करत होतं."
मग ताट पुढं ओढून,
"दिवा जरा इकडं कर गं, काटे दिसत नाहीत."

मी दिवा उचलला.
उजेड आधी त्याच्या छातीवर आला.
मी तो घाईघाईनं खाली, ताटावर नेला.