हिरडी

सकाळी आठ, रात्री आठ.
पट्टी फोडली की कॅप्सूलचा तो वास येतो.
नऊ वर्षं झाली, मला त्याला नाव देता आलेलं नाही.
बोहरी आळीत बिलं लिहिते मी,
खिळे, कोयंडे, बिजागऱ्या, पाव इंची स्क्रू,
नाव नसलेली वस्तू आमच्याकडे विकली जात नाही.

औषधाचं काम साधं आहे, सांगितलं होतं त्यांनी:
अंगातल्या पहारेकऱ्याला पेंग आणायची.
नाहीतर तो रंगनाथदादाच्या किडनीला हटकणार,
कोण तू, कुणाकडे आलास?

पहिल्याच वर्षी, मंडईत पपनसांचे ढीग लागले होते तेव्हा
(पपनस मला चालत नाही, औषध रक्तात चढतं)
आरशात दिसलं,
पुढच्या दोन दातांमधून
एक गुलाबी टोक खाली आलं होतं.
दुखत नव्हतं.
ब्रश लागला की तेवढं रक्त.
मग शेजारी दुसरं, मग तिसरं,
टणक, गोळ्यागोळ्यांची, 
दात हळूहळू बुटके होत गेले.
गिऱ्हाइकाशी मी ओठ मिटून हसू लागले.
भाकरीचा तुकडा डाव्या दाढेकडे सरकवू लागले.

आत्या म्हणायची, आपलेच दात, आपलेच ओठ.
धायरीच्या दीड गुंठ्यावरून
दादाने माझ्यावर सात वर्षं दात धरला होता तेव्हा म्हणायची.
मीही धरला होता.
माझा जरा जास्तच तीक्ष्ण होता, खरं सांगायचं तर.
हिरडीचं नाव मात्र आत्याने कधी काढलं नाही.

समितीने त्याला विचारलं, का देताय?
तो म्हणाला, थोरला आहे.
एवढंच.
जागेचा विषय त्याने काढला नाही,
मीही नाही. अजून नाही.

नारायण पेठेतल्या दवाखान्याचा जिना अरुंद आहे.
डॉक्टर बोरावके बाईंनी दिवा जवळ ओढला
आणि म्हणाल्या, तुमच्या दातांनी तर डोक्यावरून पदर घेतलाय.
कापते मी. पण परत येतील.
औषध बदलायचं का, ते तुमच्या किडनीवाल्यांना विचारा.
विचारलं.
ते रिपोर्टवरून नजर न उचलता म्हणाले,
क्रिएटिनिन एक पूर्णांक एक.
चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?

तर काल तिसऱ्यांदा कापल्या.
आधीच्या रात्री दात घासले ते
त्या बारक्या, बाटली धुवायच्या ब्रशच्या नातवासारख्या ब्रशने,
एकेक फट, एकेक फट.
खुर्चीत सुई, मग ओठ कुणा दुसऱ्याचा,
मग बशीत ओल्या चिंध्या, गुलाबी.
मी बघत राहिले.
हे दादाचं नव्हतं. ते खाली आहे, कमरेच्या पुढे, मुकाट काम करतंय.
हे माझं स्वतःचं मांस,
कुणी नको म्हणेना म्हणून वाढलेलं.

खाली दादा स्कूटरला टेकून उभा होता,
हँडलला ताकाची पिशवी.
दाखव, म्हणाला.
लक्ष्मी रोडच्या कडेला, रहदारीत,
मी तोंड उघडलं.
बैल घेताना बघतात तसा तो वाकला,
बोट न लावता मोजत गेला.
सगळे आहेत, म्हणाला.
असणारच, म्हणाले मी, पण बधिर ओठातून
काहीतरी भलतंच बाहेर पडलं
आणि तो हसला, त्याचे दात
आमच्या वडिलांसारखे, पुढचा एक जरा आडवा.

आठ वाजले.
माझ्या पर्समध्ये गजर झाला.
आणि त्याच्या शर्टाच्या खिशातही.
तो गडबडीने बंद करायला लागला,
चष्मा नसल्यामुळे बटण सापडेना.

नऊ वर्षं.
मला माहीत नव्हतं.