मानस

एकोणिसाव्या पानावर अडलोय, सहा महिने.
दिवाडीच्या बांधावर रुझार रोज भेटतो,
मानशीची दारं सांभाळणारा.
तिसऱ्या कादंबरीत मी त्याला बुडवला होता,
नाव बदलून; पण डावा खांदा तोच, उतरलेला.
त्याच्या मुलीनं वाचून दाखवली म्हणे,
बुडेपर्यंतच.

"आता कोणाला मारतोस, बाब?"
खेकडा टोपलीत टाकत विचारतो.
कोणालाच नाही.
"मग संपणार कसं?"

ओहोटी लागते. तो फळी वर ओढतो,
खाजनातलं पाणी आपसूक मांडवीकडे निघतं
शेवाळ, काटक्या, कोळंबीची पिल्लं घेऊन.
"सगळं नाही सोडायचं," तो सांगतो,
"तळ उघडा पडला की बांध तडकतो."

घरी येऊन
एकोणिसावं पान कोरंच ठेवलं.
विसाव्यावर लिहिलं: रुझार.
खांदा सरळ केला नाही.