लहान चौकोन

मोटर जळली की आधी वास येतो.
भिलवडीत बावीस वर्षं हेच करतोय,
जळकी तार उपसायची,
नवी भरायची, वेढे मोजत.
त्रिशला शाळेच्या शर्यतीत कोसळली
तेव्हा कसलाच वास आला नाही.

कुणी कांदा फोडला, कुणी चप्पल हुंगवली.
मिनिटभरात पोरगी उठून बसली,
म्हणाली, "कितवी आले?"
फिट आहे म्हणाले. दीड वर्ष फिटची गोळी.
गोळी चालू असतानाच आणखी दोनदा पडली.
दुसऱ्यांदा घाटावर, गळाभर पाण्यात.

मिरजेच्या डॉक्टरमॅडमनी
कागदाची पट्टी टेबलावर पसरली,
कर्कटकाची टोकं टेकवली
आणि लहान चौकोन मोजत राहिल्या.
ओठ हलत होते,
वेढे मोजताना माझे हलतात तसे.
"ठोका बरोबर पडतोय.
पुढच्यासाठी सज्ज व्हायला हृदय उशीर लावतंय.
तेवढ्यात धावली, दचकली, पाण्यात सूर मारला
तर ताल सुटतो.
जन्मापासूनचं आहे. वायरिंग म्हणा हवं तर."
हवं तर कसलं,
मला तेवढं एकच कळतं.

मग पेन उघडून विचारलं,
"घरात तरुणपणी कुणी अचानक गेलंय?
बुडून वगैरे?"
बायको माझ्याकडे बघायला लागली.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

अक्काताई.
माझी थोरली. एकोणिसाव्या वर्षी.
कृष्णा ओलांडून अंकलखोपातून
ओच्यात पेरू घेऊन यायची.
गेली ती मात्र मळ्यातल्या विहिरीत,
पुरुषभर पाण्यात.
पोहणारी बुडेल कशी?
गावानं उत्तर काढलं, उडी टाकली.
का टाकली, तेही काढलं.
सायकलवाल्या बाळगोंडाचं नाव घेतलं.
आईनं फोटो पेटीच्या तळाशी घातला, पालथा.
मी चौदाचा. गावाचं ऐकलं.
बाळगोंडाच्या दुकानात एकतीस वर्षं
पंक्चरसुद्धा काढलं नाही.

"तुमचाही काढू," मॅडम म्हणाल्या.
छातीवर गार चिकट बटणं. कागद. कर्कटक. ओठ.
माझ्यातही तोच उशीर.
इतकी वर्षं हीच नदी पोहतोय,
एकदाही पाय धरला नाही तिनं.
का, ते त्यांनाही सांगता येईना.

आता घरात गोळीची डबी एक, खाणारी दोघं.
ती माझ्यावर नजर ठेवते, मी तिच्यावर.
शर्यत बंद, पोहणं बंद.
आठवडाभर बोलली नाही माझ्याशी.
जुलाब लागले तर घरी बसायचं नाही.
न चालणाऱ्या औषधांची यादी
तिच्या दप्तरात, माझ्या पाकिटात,
मेडिकलवाल्या शांतिनाथच्या काचेखाली.
पीटीचे सर छाती दाबायला शिकले,
उशीवर, घाम येईस्तोवर.

आईला कागद दाखवला.
तिला चौकोन काय कळणार.
बोट ठेवलं, इथं बघ, इथं.
"म्हणजे उडी नव्हती मारली?"
"नक्की कोण सांगणार, आई.
पण पोहायलाच उतरली असणार."
बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "काठावर कोरडे कपडे होते की.
घडी घालून, वर दगड ठेवून.
मला कुणी विचारलंच नाही."

काल बाळगोंडाकडे गेलो.
चाक घट्टच होतं, तरी हवा भरायला लावली.
तो वाकून पंप मारत होता,
डोक्यावरचे केस पांढरे झालेत.
कागद खिशातून काढला, परत ठेवला.
पैसे विचारले. "ऱ्हाऊ दे," म्हणाला.
मागचं चाक बाकी आहे.
उद्या जाईन.